पाठराखीण

दुसऱ्यापुढें हात पसरणें हें दैन्याचें लक्षण आहे, असें आमच्या लहानपणीं आम्हांला शिकविलें जात असे. आणि दुसऱ्यासाठीं हात पसरणें हें थोरपणाचें लक्षण आहे, असेंही त्याच शाळेंत शिकविलें जात असे. या दोन शिकवणींचा मेळ कसा घालावयाचा, हें मात्र कोणीं सांगितलें नाहीं. उभा जन्म मीं एका बँकेंत लोकांचे पैसे मोजण्यांत घालविला. तेथें मागणारा नेहमीं टेबलाच्या पलीकडे असे आणि मी अलीकडे. गेल्या वर्षीं, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षीं, मी प्रथमच टेबलाच्या पलीकडे जाऊन बसलों, आणि त्या बाजूच्या खुर्च्या किती टणक असतात हें मला तेव्हां कळलें.

मागावयाचें होतें तें एका होडीसाठीं. रत्नागिरीस भाट्याच्या खाडींत दर रविवारीं वीस-बावीस मुलें शिडाच्या लहान होड्या चालवावयास शिकतात. नौदलांतून निवृत्त झालेले एक गृहस्थ त्यांना शिकवितात. पावसाळ्याचे चार महिने सोडले, तर ऑक्टोबरपासून मेअखेरपर्यंत हा वर्ग चालतो. माझी नात त्यांत जाऊं लागली, तिला सोडावयास मी जाऊं लागलों, आणि बँकेंतला माणूस दिसतांच हिशेबाची वही त्याच्या गळ्यांत अडकवावी हा आपल्याकडील सर्व मंडळांचा शिरस्ता असल्यामुळें, पहिल्या तीन रविवारांच्या आंतच मी त्या वर्गाचा खजिनदार झालों.

ह्या होड्या अगदींच चिमुकल्या. त्यांचें तोंड निमुळतें नसतें, चौकोनी असतें. पाहणाऱ्यास वाटावें कीं, कोणीं तरी एखाद्या पेटीला शीड लावून ती पाण्यांत सोडून दिली आहे. लांबी २.३६ मीटर, वजन ३५ किलो. एक शीड, एक सुकाणूं आणि चालविणारा एकच, तोही पंधरा वर्षांच्या आंतला. यांचा जन्म अमेरिकेंतला. फ्लॉरिडांतील क्लिअरवॉटर या गांवीं ‘ऑप्टिमिस्ट’, म्हणजे आशावादी, या नांवाचें एक सेवाभावी मंडळ होतें. मुलांना थोड्या खर्चांत नौकानयन शिकतां यावें, अशी कल्पना मेजर क्लिफर्ड मॅके यांनीं त्या मंडळापुढें मांडली, आणि १९४७ सालीं क्लार्क मिल्स या होड्या बांधणाऱ्या कारागिरानें प्लायवूडच्या दोन तक्त्यांतून निघेल अशी एक होडी योजून तिचा आराखडा मंडळाला देऊन टाकला. खर्च ५० डॉलरांच्या आंत बसावा, हा मूळचा हेतु होता. मंडळाचें नांव होडीस मिळालें, आणि आज शंभराहून अधिक देशांतील मुलें याच आशावादी पेटींत बसून वाऱ्याचे पहिले धडे गिरवितात.

आशावाद मुलांना शोभतो. परंतु आशावाद्यांचा एवढा तांडा खाडीच्या पाण्यांत सोडावयाचा, तर त्याच्या मागें एक तरी निराशावादी होडी असावी लागते. वारा पडला तर मुलांना ओढून आणावें, कोणी उलटला तर क्षणांत तेथें पोंचावें, आणि बाकीचा सारा वेळ एका बाजूस उभें राहून सर्वांवर नजर ठेवावी, एवढेंच तिचें काम. आमच्यापाशीं या कामासाठीं एक जुनी वल्ह्यांची होडी होती, आणि ती वल्हविणारे दोन धट्टेकट्टे तरुण होते. परवांच्या आदल्या दिवाळींत आमच्या शिक्षकांनीं बैठकींत विषय काढला कीं, हें आतां पुरें पडणार नाहीं. इंजिन लावलेली, हवा भरलेली रबरी बोट घेतली पाहिजे. मीं वही उघडली. शिल्लक १,१२,००० रुपये होती. “पुढच्या वर्षीं पाहूं,” मी म्हणालों. बँकेंत हें वाक्य मीं इतक्या वेळां उच्चारलें होतें कीं, तें तोंडांतून बाहेर पडलें हें मला समजलेंही नाहीं. मग त्या शिलकेंतून चार नवीं शिडें आलीं, आणि वार्षिक समारंभाचा मांडव, पाहुणे, फुलें आणि चषक हेही आले. समारंभ उत्तम झाला. चोख हिशेबाबद्दल माझा सत्कार झाला. त्या वेळीं मिळालेला नारळ मीं खाल्ला, हें येथें नमूद करून ठेवतों.

फेब्रुवारींतला एक रविवार उजाडला. दुपारीं तीनच्या सुमारास ओहोटी जोराची लागली होती. भाट्याच्या पुलाखालून येणारें काजळी नदीचें पाणी खाडीच्या तोंडाकडे धांवत होतें, आणि समुद्रावरचा दुपारचा वारा नेहमींपेक्षां नेटानें आंत येत होता. पाणी बाहेर जाऊं पाहतें आणि वारा आंत येऊं पाहतो, तेव्हां तोंडाशीं सांचलेल्या वाळूवर लाटा उभ्या राहतात. त्या लांबट व संथ नसतात. आंखूड आणि ताठ असतात, आणि एकीतून सांवरावें तों दुसरी अंगावर येते. नऊ होड्या पाण्यांत होत्या. त्यांतल्या तीन ओहोटीनें तोंडाकडे ओढल्या गेल्या आणि पाहतां पाहतां तिन्ही उलटल्या. माझी नात आंतल्या सहा होड्यांत आहे, हें मीं प्रथम पाहून घेतलें; आणि तें मीं प्रथम पाहिलें, याची लाज मला अजून वाटते.

दोन मुलें शिकविल्याप्रमाणें उलटलेल्या होडीला धरून राहिलीं. ह्या होड्यांत हवेच्या पिशव्या बांधलेल्या असतात, त्यामुळें त्या उलटल्या तरी बुडत नाहींत. कांहीं झालें तरी होडी सोडूं नये, हा मुलांचा पहिला धडा. तिसऱ्याचा हात सुटला. तो अकरा वर्षांचा, एका शिंप्याचा मुलगा. होडी एकीकडे गेली, तो एकीकडे. अंगांत तरंगण्याचें जाकीट होतें, म्हणून डोकें दिसत होतें. पण लाट आली कीं तें दिसेनासें होई, आणि पुन्हां दिसेपर्यंत किनाऱ्यावर कोणी श्वास घेत नसे. आमची वल्ह्यांची होडी निघाली होती. दोघे तरुण जिवाच्या करारावर वल्हवीत होते. पण वारा तोंडावर, लाटा तोंडावर, आणि ते दहा हात पुढें जात ते पांच हात मागें येत. इतक्यांत राजिवड्याची एक मासेमारी होडी समुद्रावरून परत आली. तिच्या नाखव्यानें मुलाजवळ येतांच इंजिन बंद केलें, होडी नुसत्या वाऱ्यानें त्याच्याकडे सरकूं दिली, आणि जाकिटाला धरून त्याला वर घेतलें. मीं घड्याळ पाहिलें होतें. मुलगा सतरा मिनिटें पाण्यांत होता.

त्या संध्याकाळीं सगळीकडे एकच वाक्य ऐकूं आलें: “कांहीं झालें नाहीं ना? मग बरें झालें!” मुलगा दुसऱ्या दिवशीं शाळेंत गेला. वर्तमानपत्रांत चार ओळीही आल्या नाहींत. खरेंच, कांहीं झालें नव्हतें. रात्रीं मीं वही काढली आणि चार शिडें, मांडव, फुलें व चषक यांच्या रकमा पुन्हां एकदां मिळवून पाहिल्या. बेरीज बरोबर होती. त्याच रात्रीं मीं ठरविलें कीं, ही बोट आतां मींच आणावयाची.

बोट, इंजिन आणि ती पाण्यापर्यंत ओढून नेण्याचा गाडा मिळून ६,४०,००० रुपये लागणार होते. मी यादी केली, धुतलेला सदरा घातला आणि निघालों.

पहिले गृहस्थ कापडाचे व्यापारी. त्यांनीं चहा दिला आणि विचारलें, “शिडावर दुकानाचें नांव घालाल?” मी म्हटलें, “शिडासाठीं नव्हे, रक्षक बोटीसाठीं पैसे हवे आहेत.” “ती कोठें असते?” “एका बाजूस उभी असते.” “म्हणजे फोटोंत येत नाहीं.” “सहसा येत नाहीं.” त्यांनीं उदार मनानें दोन शिडें देऊं केलीं. दुसरे एक वकील. त्यांनीं मुद्द्यालाच हात घातला. “आजपर्यंत तुमच्या वर्गांतलीं किती मुलें बुडालीं?” “एकही नाहीं.” “मग?” त्या ‘मग’ला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. तिसरे गृहस्थ मोठे देशाभिमानी. त्यांनीं १६६४ सालीं कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला तेथपासून कान्होजी आंग्र्यांपर्यंत मराठी आरमाराचा इतिहास पाऊण तास सांगितला, आणि शेवटीं वर्गाला शिवाजी महाराजांची एक तसबीर भेट देण्याचें कबूल केलें. ती आम्हीं आदरानें लावली आहे. त्यांच्या दोन्ही चिरंजीवांना पोहतां येत नाहीं, हें मला मागाहून कळलें.

ही माणसें कृपण होतीं असें मुळींच नाहीं. देणाऱ्याला आपल्या पैशाचें कांहीं तरी झालेलें पहावयाचें असतें, आणि त्यांत गैर कांहीं नाहीं. देवळाला दिलेली पायरी दिसते, शाळेला दिलेलें कपाट दिसतें, शीड तर वाऱ्यावर फुगून सगळ्या गांवाला दिसतें. पण जिचें यश म्हणजे कांहींही न घडणें, अशा वस्तूसाठीं मागावयाचें कसें? आणि मीं तरी दिवाळीच्या त्या बैठकींत दुसरें काय केलें होतें? प्रत्येक दारांतून परत फिरतांना मला माझाच आवाज ऐकूं येई: पुढच्या वर्षीं पाहूं.

जीवरक्षक बोटींची जी संस्था सर विल्यम हिलरी यांच्या खटपटीनें १८२४ सालीं इंग्लंडांत स्थापन झाली, ती आजही मुख्यतः लोकांच्या देणग्यांवर चालते. तिच्या इतिहासांत कांहीं युक्ति सांपडते का, हें मी पाहूं लागलों. सांपडली ती अशी. १८८६ च्या डिसेंबरांत ‘मेक्सिको’ नांवाच्या जहाजाच्या मदतीस गेलेल्या बोटींवरील २७ माणसें एका रात्रींत बुडालीं. पुढें १८९१ सालीं मँचेस्टरच्या रस्त्यांतून जीवरक्षक बोटींची मिरवणूक निघाली. ट्रामगाड्यांच्या वरच्या मजल्यावरील उतारूंपर्यंत पोंचाव्यात म्हणून लांब काठ्यांना पिशव्या बांधल्या गेल्या, आणि एका दिवसांत ५,००० पौंडांहून अधिक रक्कम जमली. अगोदर २७ माणसें आणि मग ५,००० पौंड, हा क्रम मला झोंबला. आपल्याकडे तरी निराळें काय आहे? १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट ६०० हून अधिक माणसांसह बुडाली. कोंकणांतल्या कित्येक घरांत ती अमावास्या अजून विसरलेली नाहीं. १८ जानेवारी २०२४ रोजीं बडोद्याच्या हरणी तलावांत होडी उलटून १४ जण गेले. त्यांत १२ शाळेंतलीं मुलें होतीं. अशा दिवसानंतर सारेच जागे होतात आणि थैल्याही उघडतात. आमच्या थैलीसाठीं त्या सतरा मिनिटांचीं आणखी किती मिनिटें व्हावयास हवीं होतीं?

हा प्रश्न मनांत आला आणि मला एक वाट सांपडली. ती वाईट होती, हें मला मागाहून कळलें. मी ती गोष्ट सांगूं लागलों. उलटलेल्या होड्या, सुटलेला हात, लाटेखालीं जाणारें डोकें. ऐकणाऱ्याचा चेहरा बदलूं लागला कीं, मी किंचित् थांबत असें. दहाव्या घरीं लाटा पुरुषभर उंच झाल्या होत्या. विसाव्या घरीं सतरा मिनिटांचीं पंचवीस मिनिटें झालीं होतीं. पैसे येऊं लागले. वकीलसाहेबांनीं ‘मग?’ न विचारतां दहा हजारांचा धनादेश दिला. दोन महिन्यांत सव्वातीन लाख जमले, आणि आपण मागण्याची कला हस्तगत केली, असें मला वाटूं लागलें.

त्याच दोन महिन्यांत वर्गांतलीं मुलें बावीसांवरून तेरांवर आलीं. एकाची परीक्षा होती, एकीला सर्दी झाली होती, एकाच्या घरीं पाहुणे आले होते. शिक्षकांना खरें कारण ठाऊक होतें. ते मितभाषी गृहस्थ. एका रविवारीं किनाऱ्यावर उपड्या पडून राहिलेल्या होड्यांकडे पाहत ते मला एवढेंच म्हणाले, “काका, ही बोट आपण कोणासाठीं आणतों आहोंत?”

शिंप्याच्या मुलाचेंही येणें बंद झालें होतें. मी त्याच्या घरीं गेलों. वडील कपडे पोंचविण्यास बाहेर गेले होते. आई शिवणयंत्रावर बसली होती. तिनें मला पाणी दिलें आणि शांतपणें सांगितलें, “काका, त्या दिवसानंतर माझा मुलगा आठ दिवसांत सगळें विसरला होता. मग तुमची गोष्ट गांवभर झाली. ती शाळेंत पोंचली. मुलें त्याला ‘बुडका’ म्हणून चिडवूं लागलीं. आतां तो रात्रीं दचकून उठतो.” मला वर पाहवेना. थोड्या वेळानें तिनें विचारलें, “तुमची ती बोट आली, म्हणजे माझ्या मुलाला कांहीं होणार नाहीं, असें लिहून द्याल?”

उभा जन्म मीं लोकांकडून लिहून घेत आलों होतों. लिहून देण्याची वेळ ही पहिलीच. “नाहीं, ताई,” मी म्हणालों, “तसें कोणालाच लिहून देतां येणार नाहीं.” तिनें मान हलविली. यंत्राचें चाक पुन्हां फिरूं लागलें, आणि मी उठलों.

घरीं येऊन मीं सारा प्रकार पत्नीस सांगितला. भय घातलें तर पैसे येतात पण मुलें जातात, आणि भय न घालावें तर मुलें राहतात पण पैसे येत नाहींत. या पेंचांतून सुटावयाचें कसें? ती तांदूळ निवडीत होती. सूप बाजूस न ठेवतांच ती म्हणाली, “अहो, तुमच्या आजी पाठराखीण म्हणून किती घरीं गेल्या होत्या, हें तुम्हींच सांगतां ना? त्यांनीं काय सांगितलें होतें मुलींच्या आयांना?”

पाठराखीण हा शब्द आजच्या मुलींना समजावून सांगावा लागेल. लग्न होऊन लहान वयाची मुलगी प्रथम सासरीं जाई, तेव्हां तिच्याबरोबर माहेरची एक वडीलधारी बाई चार दिवस जाऊन राही. ती पाठराखीण. माझी आजी अशी अनेक घरीं जाऊन आली होती. तिथें तिला काम नसे. पंक्तींत तिला मान नसे, फोटोंत ती नसे, आणि आहेरांत तिच्या वांट्यास एखादा खण आला तर आला. ती स्वयंपाकघराच्या दाराशीं बसून राही, आणि मुलीनें दोन घांस खाल्ले कीं नाहीं, रात्रीं ती रडली कीं झोंपली, एवढें पाही. मुलगी रुळली असें वाटलें, कीं आजी आपलें गांठोडें उचलून परत येई. मीं एकदां तिला विचारलें होतें, “आजी, सासर वाईट असलें म्हणजे तूं जातेस का?” ती हंसून म्हणाली होती, “वाईट घरीं आपण मुलगीच देत नाहीं रे. सासर वाईट म्हणून नव्हे, नवें म्हणून जातें.”

पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वीं ऐकलेलें हें वाक्य इतके दिवस कोठें दडी मारून बसलें होतें, कोण जाणे! दुसऱ्या दिवसापासून मीं लाटांची गोष्ट बंद केली. समुद्र वाईट नाहीं, मुलांना नवा आहे. म्हणून त्यांच्या मागें एक पाठराखीण हवी आहे, एवढेंच मी सांगूं लागलों. पैसे पूर्वींसारखे भराभर येईनात, पण येत राहिले. आणि ज्या नऊ घरांतून मुलें बंद झालीं होतीं, त्या घरीं मी स्वतः जाऊन आलों आणि मिनिटें सतराच होतीं, हेंही सांगितलें. हें शेवटचें काम पैसे मागण्याहून पुष्कळ अवघड होतें.

बाकी राहिला होता तो नाखवा. त्याचे आभार मानावयास जाणें मीं चार महिने लांबणीवर टाकलें होतें, कारण तो मला ओळखत होता. त्याच्या होडीच्या कर्जाच्या कागदांवर माझी सही होती. राजिवड्यास त्याच्या अंगणांत जाळीं पसरलेलीं होतीं. त्यानें खाट पुढें केली, माझें सारें बोलणें ऐकून घेतलें आणि म्हणाला, “साहेब, होडीचा विमा उतरविल्याशिवाय तुम्हीं मला एक दमडी दिली नव्हती. तीन खेपा घालावयास लावल्या होत्या. आठवतें?” मला आठवत होतें. त्याच्या बोलण्यांत खोंच नव्हती. त्यामुळेंच तें अधिक लागलें. लाकडाच्या होडीला विम्यावांचून समुद्रांत जाऊं न देणारा मी, मुलांच्या बाबतींत ‘पुढच्या वर्षीं पाहूं’ म्हणालों होतों.

मग तो कामाचें बोलला. “बोट घ्याल, पण बोटीवर माणूस कोण? त्या दिवशीं तुमचें पोर मला दिसलें नव्हतें. मी सुकाणूंवर होतों. दिसलें तें माझ्या खलाशाला, कारण तो पुढें उभा होता आणि त्याच्या हातांत दुसरें काम नव्हतें. तो जाळें आवरीत बसला असता, तर आम्ही तुमच्या पोराच्या बाजूनें घरीं निघून गेलों असतों.” इतकें म्हणून त्यानें विडी पेटविली. माझ्या अंगावर कांटा आला. सहा लाख चाळीस हजारांच्या हिशेबांत मीं इंजिन धरलें होतें, गाडा धरला होता, रंगसुद्धां धरला होता. डोळे धरले नव्हते. पाण्याकडे पाहणें हेंच ज्याचें काम, असा एक माणूस प्रत्येक रविवारीं हवा. त्याला पगार हवा, बोटीला पेट्रोल हवें, इंजिनाची देखभाल हवी. म्हणजे दर वर्षीं आणखी १,२०,००० रुपये. आणि बोटीसाठीं देणारा एकदां तरी भेटतो, पेट्रोलसाठीं कोणी देत नाहीं.

येथें मुलेंच आमच्या मदतीस आलीं. इंग्लंडांत ‘ब्लू पीटर’ नांवाचा मुलांचा एक दूरचित्रवाणी कार्यक्रम आहे. १९६६ सालीं त्यानें आपल्या बालप्रेक्षकांना घरांतलीं जुनीं कागदी बांधणीचीं पुस्तकें पाठविण्यास सांगितलें, आणि त्यांच्या विक्रींतून जीवरक्षक संस्थेला हवा भरलेल्या चार रबरी बोटी मिळाल्या. ही हकीकत मीं मुलांना सांगितली मात्र, पुढच्या रविवारपासून सगळ्या आळ्यांतून रद्दी येऊं लागली. आमच्या पेट्रोलचा खर्च आतां बहुतांशीं रद्दींतून निघतो. एका घरून जुन्या मासिकांचे बांधलेले खंड आले. ते रद्दीवाल्याच्या तराजूंत जाईनात. निदान माझ्या देखत जाईनात. मीं पांचपट भाव देऊन ते स्वतःच घेतले. खजिनदारानें आपल्याच संस्थेचा माल विकत घेणें नियमांत बसतें कीं नाहीं, हें मीं कोणाला विचारलेलें नाहीं.

बोट यंदाच्या ऑक्टोबरांत आली. नारिंगी रंगाची, चार मीटर लांबीची, दिसण्यांत अगदींच बेढब. तिच्या इंजिनाला एक लाल दोरी असते. चालविणाऱ्यानें ती आपल्या पायाला अडकवावयाची. तो स्वतः पाण्यांत पडला तर दोरी निसटते आणि इंजिन जागच्या जागीं बंद होतें. नाहीं तर वांचवावयास आलेली बोटच पंखा फिरवीत मुलांच्या अंगावर जावयाची. पाण्यांतल्या मुलाजवळ कसें जावें, होड्यांच्या आधीं डोकीं कशीं मोजावींत, उलटलेल्या शिडाखालीं कोणी अडकला आहे का हें प्रथम कसें पाहावें, हें सारें शिक्षकांनीं बोटीवरच्या माणसाकडून महिनाभर घोकून घेतलें. तो माणूस म्हणजे नाखव्याचा तोच खलाशी. मुलांनीं बोटीचें नांव आपल्या हातांनीं रंगविलें: पाठराखीण. ‘ठ’ थोडा वांकडा आला आहे.

पहिल्या रविवारीं शिंप्याची बायको मुलाला घेऊन आली. तिनें माझ्याशीं बोलणें केलें नाहीं. बोटीकडे, इंजिनाकडेही तिनें फारसें पाहिलें नाहीं. किनाऱ्यावर उभी राहून ती बोटींतल्या त्या खलाशाकडे पाहत राहिली. पांच मिनिटें झालीं, दहा झालीं. तो मान वळवीत होता ती एका होडीवरून दुसऱ्या होडीवर, आणि शेवटच्या होडीवरून पुन्हां पहिल्या होडीवर. किनाऱ्याकडे त्यानें एकदांही पाहिलें नाहीं. तेव्हां तिनें खालीं वांकून मुलाच्या जाकिटाचे पट्टे स्वतःच्या हातांनीं आवळले आणि त्याला सोडलें. लिहून देण्याविषयीं तिनें पुन्हां विचारलें नाहीं.

बोटीवर मीं एक वही ठेविली आहे. संवय जात नाहीं. वारा, ओहोटीची वेळ, पेट्रोल, पाण्यांत गेलेलीं मुलें, परत आलेलीं मुलें आणि शेवटीं ‘विशेष’. वकीलसाहेब परवां रस्त्यांत भेटले. “काय हो, आमच्या दहा हजारांचें काय केलेंत?” त्यांनीं विचारलें. पिशवींत वही होती, ती मीं त्यांच्यापुढें धरली. ‘विशेष’च्या रकान्यांत पानोंपानीं एकच मजकूर होता: कांहीं झालें नाहीं. तेंच वाक्य फेब्रुवारींत सारें गांव म्हणत होतें, आणि तेव्हां तें दैवानें म्हणावयास लावलें होतें. वकीलसाहेबांनीं चष्मा वर करून पानें चाळलीं. ते ‘मग?’ म्हणतील, म्हणून मी तयारींत होतों. ते म्हणाले नाहींत.

जमाखर्चाच्या पुष्कळ वह्या मीं लिहिल्या आणि तपासल्या. दोन्ही बाजू जुळल्या कीं संध्याकाळीं घरीं जाण्यास मोकळे, इतकाच त्या जुळण्याचा अर्थ मला ठाऊक होता. आतां रविवारीं दिवस कलला कीं मी किनाऱ्यावर उभा राहतों, एक एक शीड उतरतांना मोजतों, आणि सगळीं मुलें वाळूवर आल्याखेरीज पेन्सिल टेंकवीत नाहीं. गेल्या रविवारीं गेलीं होतीं २१. परत आलीं २१.